बंदुकीचा दस्ता, भिंगाची नळी

बंदुकीचा दस्ता केवळ जीव घेण्यासाठीच असतो असे नाही! दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यासाठी खांद्याला टेकवून नेम धरावयाचा कॅमेरा तयार झाला होता. १९६५ साली मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने त्याच वळणाचा ‘फोटोस्नायपर’ सामान्य हौशींसाठी काढला. त्यावर ३०० मिलिमीटरचे ‘ताइर’ भिंग असे. त्याच देशात माक्सुतोव्ह या शास्त्रज्ञाने १९४१ साली आरसा व भिंग यांचा मेळ घालून आखूड दुर्बीण योजिली. तिच्यातून ५०० मिलिमीटरचे ‘एमटीओ’ निपजले.

नव्या स्वयंचलित भिंगांच्या मानाने ही दोन्ही जुनी भिंगे स्वस्त. मग वन्यपशूंसाठी घ्यावे कोणते? लांब पल्ल्याला माणूस भुलतो. परंतु एफ-आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. ताइरचा तो ४.५, एमटीओचा ८. म्हणजे एमटीओत उजेड जेमतेम एक-तृतीयांश! आणि जनावर पाण्यावर येते ते बहुधा झुंजूमुंजू किंवा तिन्हीसांजेला. तेव्हा पल्ल्यापेक्षा उजेड मोलाचा, ताइरच बरे.

चाक मात्र हातानेच फिरवावे लागते. नेम हुकतोही, पण साधला काय नि हुकला काय, हरिण सुखरूप घरी जाते!