हवामानाच्या नोंदवहीतील कोडी

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणे शक्य नाही. मात्र सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदला गेलेला त्या दिवसाचा ९४४ मिलिमीटर पाऊस हवामान खात्याच्या नोंदवहीत शोधायला गेले, तर तो २६ जुलैच्या रकान्यात सापडत नाही; तो असतो २७ जुलैच्या रकान्यात. यात कोणाची चूक नाही. भारतात पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठ वाजता संपतो. आदल्या सकाळी साडेआठपासून पर्जन्यमापकात साचलेले पाणी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजले जाते आणि ज्या दिवशी मोजले, त्या तारखेच्या नावावर जमा होते. साडेआठचीच वेळ का, तर त्या वेळी ग्रिनिच येथे बरोबर तीन वाजलेले असतात आणि जगभरातील वेधशाळांनी ठरावीक तासांना एकाच वेळी निरीक्षणे घ्यावीत, असा संकेत आहे. लोकांच्या स्मरणातील तारीख आणि सरकारी दप्तरातील तारीख यांच्यात असा एका दिवसाचा फरक पडला, तो कायमचाच.

तारखेचे हे कोडे चटकन सुटते. त्याच दिवसाचे दुसरे कोडे अधिक गंभीर आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती अवघ्या ७३ मिलिमीटरची. दोन्ही ठिकाणांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर. ७३ मिलिमीटर म्हणजे कुलाब्याच्या दृष्टीने जुलै महिन्यातील एक बऱ्यापैकी पावसाचा दिवस, त्यापलीकडे काही नाही. कुलाब्याचा स्वतःचा चोवीस तासांचा उच्चांक ५७५.६ मिलिमीटरचा असून तो ५ जुलै १९७४ चा आहे. शहरात कुलाब्याची एकच वेधशाळा असती, तर मुंबईच्या पावसाच्या इतिहासात २००५ सालचा तो प्रलय कुठेही दिसला नसता.

जुन्या सायमन्स पर्जन्यमापकाचे तोंड अवघे ५ इंच व्यासाचे असते. एखाद्या बशीएवढ्या तोंडात पडलेल्या पाण्यावरून संपूर्ण शहराचा पाऊस ठरवला जातो, ही गोष्ट एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. शहराच्या आखणीत मात्र तिला फार मोल आहे. मुंबईतील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, हे गृहीत धरून बांधलेल्या होत्या. त्या दिवशी दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला. गटारे किती रुंद असावीत, पूल किती उंच असावा, धरणाचा सांडवा किती मोठा असावा, हे सारे नोंदवहीतील जुन्या आकड्यांवरूनच ठरत असते. म्हणूनच त्या आकड्यांतील विचित्रपणा हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. २००५ नंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले, ते याच कारणाने.

पावसाच्या दिवसाप्रमाणेच पावसाचे वर्षही सोयीप्रमाणे बदलते. बारा महिन्यांतील सर्वाधिक पावसाचा चेरापुंजीचा जागतिक विक्रम २६,४६१ मिलिमीटरचा आहे. पण ते बारा महिने आहेत १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१. म्हणजे एका पावसाळ्याचे शेपूट आणि दुसऱ्याचे डोके. एकट्या जुलै १८६१ मध्ये तेथे ९,३०० मिलिमीटर पाऊस पडला होता. महाराष्ट्रातील एखाद्या दुष्काळी तालुक्यात पंधरा-वीस वर्षांत मिळूनही एवढा पाऊस होत नाही.

एका आकड्याची नव्वद वर्षे

आकाशातील घडामोडींपेक्षा माणसाच्या हाताचा प्रताप नोंदवहीत कसा उमटतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लिबियातील आहे. त्रिपोलीच्या दक्षिणेस अल अझिझिया नावाचे गाव आहे. लिबिया इटलीच्या ताब्यात असताना तेथील लष्करी ठाण्यावर १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. पुढे कित्येक दशके भूगोलाच्या पुस्तकांतून आणि सामान्यज्ञानाच्या स्पर्धांतून 'पृथ्वीवरील सर्वांत उष्ण ठिकाण' म्हणून अल अझिझियाचेच नाव घेतले गेले.

जागतिक हवामान संघटनेने २०१० नंतर या नोंदीची फेरतपासणी हाती घेतली. लिबियाच्या हवामान खात्यातील खालिद अल फाद्ली यांच्याकडून मूळ नोंदपत्रक उपलब्ध झाले. मध्यंतरी २०११ मध्ये लिबियात उठाव झाला, अल फाद्ली यांच्याशी संपर्क तुटला आणि काम काही काळ थांबले. ते पत्रक पाहिल्यावर तज्ज्ञांच्या प्रथम लक्षात आले ते हस्ताक्षर. सप्टेंबरच्या ११ तारखेपासून पत्रकातील अक्षर बदलले होते. नोंदी घेणारा माणूस नवा होता. त्याने कमाल आणि किमान तापमानाचे आकडे चुकीच्या रकान्यांत लिहिल्याच्याही खुणा होत्या.

ठाण्यावर वापरात असलेला तापमापक सिक्स-बेलानी पद्धतीचा होता. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या नळीत पारा वर-खाली होतो आणि पुढे सरकताना एका बारीक सळईला ढकलत नेतो. पारा मागे फिरला तरी सळई जागेवरच राहते, आणि तिच्यावरून दिवसाचे कमाल तापमान कळते. वाचन घ्यायचे ते सळईच्या पाऱ्याकडील टोकाचे. नवख्या माणसाने वरचे टोक वाचले, तर सळईच्या लांबीइतकी, म्हणजे जवळजवळ सात अंशांची, चूक होणार. आसपासच्या ठिकाणांच्या त्या दिवसाच्या नोंदींशी हा आकडा जुळत नव्हता आणि त्याच ठाण्यावरील नंतरच्या वर्षांच्या नोंदींशीही जुळत नव्हता. अखेर १३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे बरोबर नव्वद वर्षांनी, हा विक्रम रद्दबातल ठरविण्यात आला. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीची १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद पहिल्या क्रमांकावर आली. अर्थात तिच्यावरही काही अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेत.

पारा जाऊन इलेक्ट्रॉनिक संवेदक आले म्हणून हा प्रश्न मिटला, असे मात्र नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखविले आणि देशाचा उच्चांक मोडल्याच्या बातम्या झळकल्या. दिल्लीतील इतर केंद्रांवर त्या दिवशी ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान नोंदी झाल्या होत्या. तपासणीअंती मुंगेशपूरचा संवेदक तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने तर चक्क ५६ अंशांचा आकडा दिला. तोही संवेदकाचाच दोष. राजस्थानातील फलोदीची १९ मे २०१६ ची ५१ अंशांची नोंद त्यामुळे अबाधित राहिली. अल अझिझियाच्या चुकीला नव्वद वर्षे लागली, मुंगेशपूरची चूक काही दिवसांत उघड झाली, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

माणसाच्या सवयीही नोंदवहीत उतरतात. पर्जन्यमापकाची पट्टी वाचताना शून्याने किंवा पाचाने संपणारे आकडे निरीक्षक नकळत अधिक वेळा लिहितात, आणि अगदी हलकी भुरभुर झाली असेल तर ती लिहायची राहूनच जाते. अमेरिकेत स्वयंसेवकांनी पिढ्यान् पिढ्या घेतलेल्या नोंदींच्या अभ्यासात हे दोन्ही दोष स्पष्ट दिसून आले. पावसाला पाचाच्या पाढ्याची आवड असण्याचे कारण नाही. ती आवड माणसाची.

बादल्यांमुळे थंड झालेला समुद्र

जगाच्या तापमानाच्या आलेखात एक चमत्कारिक पायरी कित्येक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ऑगस्ट १९४५ च्या सुमारास समुद्रपृष्ठाचे तापमान एकाएकी सुमारे ०.३ अंशांनी घसरल्याचे दिसत होते. कोणी त्याचा संबंध नैसर्गिक चढउतारांशी जोडत होते. २००८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर जहाजांच्या डेकवर सापडले.

समुद्राचे तापमान त्या काळी जहाजांवरूनच घेतले जाई. युद्धकाळात उपलब्ध नोंदींपैकी सुमारे ८० टक्के अमेरिकी जहाजांच्या होत्या. ही जहाजे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजत आणि इंजिनघराच्या उबेमुळे ते किंचित जास्त भरे. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचे प्रमाण निम्म्यापर्यंत गेले. ब्रिटिश खलाशी मात्र बादली समुद्रात सोडून पाणी वर काढीत. वाऱ्यावर वर येईपर्यंत बाष्पीभवनाने ते पाणी थोडे थंड होई. समुद्र होता तसाच राहिला. मोजणारे आणि मोजण्याची रीत तेवढी बदलली. जमिनीवरील तापमानाच्या आलेखात अशी पायरी नव्हती, हीच संशयाला जागा देणारी खूण होती.

मोजण्याची जागा किंवा रीत बदलताना काय काळजी घ्यावी, याचा वस्तुपाठ मुंबईच्याच कुलाबा वेधशाळेने घालून दिला होता. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर संवेदनशील चुंबकीय उपकरणांना त्यांचा उपद्रव होणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविण्यात आले. पण कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, फरक तपासले गेले आणि मगच कुलाब्याचे दप्तर मिटले. त्यामुळे ती मालिका सलग राहिली. हीच शिस्त हवामानाच्या केंद्रांबाबत सर्वत्र पाळली गेली असती, तर आज संशोधकांचे पुष्कळ श्रम वाचले असते.

खरी आणि खोटी लय

नोंदवहीतील विचित्रपणा प्रत्येक वेळी चुकीतूनच येतो, असे मात्र नाही. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन आणि दक्षिण भारत होरपळून निघाला. त्यानंतर मद्रासच्या पावसाचे जुने आकडे घेऊन विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी दुष्काळाचा संबंध सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राशी जोडला. कल्पना मोठी आकर्षक होती. दुष्काळाचे वेळापत्रकच हाती येणार होते. पुढे आकडे वाढत गेले तसे हे नाते विरत गेले.

१८९९ मध्ये सरासरीहून चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला गेला असताना मोसमी पाऊस दगा देऊन गेला आणि पुन्हा मोठा दुष्काळ पडला. या पार्श्वभूमीवर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतातील वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले. हवामानशास्त्राचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. पण आकड्यांकडे भाबडेपणाने पाहायचे नाही, हे त्यांना ठाऊक होते. भारतीय कारकुनांच्या मदतीने त्यांनी जगभरातील नोंदींची परस्परांशी तुलना करण्याचा प्रचंड उद्योग आरंभला. सूर्यावरील डागांचे गृहीतकही त्यांनी तपासले आणि त्यात फारसे तथ्य आढळले नाही. हाती आले ते वेगळेच. पॅसिफिक महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की ऑस्ट्रेलिया-हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि उलट. या हेलकाव्याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' असे नाव दिले. समकालीनांना त्यावर विश्वास ठेवणे जड गेले, कारण त्याचे कारण वॉकर यांना सांगता येत नव्हते. ते सांगितले याकोब ब्यर्कनेस यांनी, १९६९ मध्ये. हा हेलकावा आणि पॅसिफिकमधील 'एल निनो' ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती, हे त्यानंतर ध्यानात आले.

नाते खरे ठरले तरी ते दर वर्षी पाळले जातेच असे नाही. १९९७ मध्ये विसाव्या शतकातील अतितीव्र एल निनो उद्भवला आणि देशभर धास्ती पसरली. प्रत्यक्षात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. उलट २००२ मध्ये एल निनो मध्यम स्वरूपाचा असताना जुलैमध्ये देशात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला आणि हंगामाअखेर १९ टक्के तूट राहिली. पॅसिफिकचा पूर्व भाग तापला की मध्य भाग, यावर भारतातील पावसाचे भवितव्य बरेच अवलंबून असते, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाच्या फरकाचा, म्हणजे 'डायपोल'चा, शोधही १९९९ मधला. १९९७ मध्ये तो भारताला अनुकूल होता.

ज्या सरासरीशी ही तुलना होते, ती सरासरी तरी स्थिर कुठे आहे? देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस १९५१-२००० या काळानुसार ८९ सेंटीमीटर होता. १९६१-२०१० च्या आकड्यांवरून तो ८८ झाला आणि २०२२ मध्ये १९७१-२०२० चा आधार घेतल्यावर ८७ वर आला. एखाद्या वर्षी बरोबर ८७ सेंटीमीटर पाऊस पडला, तर जुन्या मापाने तो सरासरीहून कमी, नव्या मापाने पुरेपूर. मुंबईच्या पावसाळ्याचे वेळापत्रकही २०२० मध्ये बदलले. मोसमी पाऊस येण्याची तारीख १० जूनऐवजी ११ जून आणि परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर अशी झाली. मुंबईच्या दप्तरी पावसाळ्याचा मुक्काम त्यामुळे आठ दिवसांनी वाढला आहे.