जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन उतरलंय का? इंजिन खोलण्याआधी घरीच असं तपासा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की मुंबई-आग्रा महामार्गावर क्रेटनी भरलेल्या पिकअपची रांग लागते. त्यात नव्या गाड्या असतात, तशा पंधरा-वीस वर्षं चाललेल्याही असतात. अशी एखादी जुनी गाडी चढाला दम टाकू लागली, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला लागली, की कुणीतरी म्हणतंच, "इंजिनचं काम निघालंय."

खरंच निघालंय का? इंजिन खोलणं म्हणजे मोठा खर्च आणि ऐन हंगामात गाडी काही दिवस उभी. त्यामुळे होकार देण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी, ती म्हणजे कॉम्प्रेशन. पेट्रोल गाडीचं कॉम्प्रेशन थोड्या हत्यारांत घरीही तपासता येतं.

कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय?

सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन वर येताना दाबतो, तो दाब म्हणजे कॉम्प्रेशन. पेट्रोल इंजिनात हवा साधारण आठ ते अकरा पट दाबली जाते. डिझेलमध्ये हे प्रमाण सोळा ते बावीस पटीपर्यंत जातं, कारण तिथे ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेटतं.

हा दाब टिकण्यासाठी पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट या तिन्ही ठिकाणी गळती नसावी लागते. कुठेही फट पडली की दाब निसटतो आणि ताकद जाते.

आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण म्हणजे धूळ. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर बारीक माती सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा व बोअर घासत राहते. दुसरं कारण म्हणजे पाणी कमी असताना गाडी तापवणं. त्यात हेड वाकतं आणि गॅस्केट जातं.

लक्षणं कोणती?

• पिकअप कमी होतो, चढाला खालचा गिअर लागतो, ॲव्हरेज घटतं.
• सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. निफाड तालुक्यातल्या कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडीला हा त्रास जास्त जाणवतो.
• रेस केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑईल कमी होत जातं.
• गाडी एका जागी उभी असताना थडथडते, एक सिलिंडर मारत नाही असं वाटतं.

मात्र यातली बरीच लक्षणं खराब प्लग, तुंबलेला फिल्टर, कमजोर बॅटरी किंवा इंधनातल्या कचऱ्यानेही दिसतात. डिझेलमध्ये हीटर प्लग गेला तरी थंडीत गाडी सुरू होत नाही. म्हणून आधी या स्वस्तातल्या गोष्टी पाहा.

पहिली चाचणी: बॅक कॉम्प्रेशन

गाडी सुरू ठेवून इंजिन ऑईल भरायचं झाकण जपून सैल करा. थोडी वाफ येणं जुन्या गाडीत चालतं. पण फुत्कारल्यासारखा जोरात धूर येत असेल, झाकण उडत असेल, तर दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे. मेकॅनिक याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. डीपस्टिकच्या नळीतून ऑईल बाहेर फेकलं जाणं हेही त्याचंच लक्षण.

झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली, तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहा. पण रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच उघडा. गरम पाण्याचा फवारा तोंडावर येऊ शकतो.

गेज लावून तपासणी (पेट्रोल गाडी)

कॉम्प्रेशन गेज ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. आपल्या प्लगच्या आट्यांना बसणारा जोड घ्या.

१. गाडी गरम करून बंद करा. प्लग काढण्याइतकी निवू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर फार गरम असताना प्लग काढल्यास आट्या खराब होतात.
२. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सीएनजी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.
३. इंधन पंपाचा फ्यूज काढा आणि इग्निशन कॉइलचं कनेक्शन सोडवा. ही पायरी टाळू नका. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर आग लागू शकते.
४. प्लगभोवतीची माती हवेने उडवा, मग सगळे प्लग काढा.
५. पहिल्या सिलिंडरला गेज लावा. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगा. पाच-सहा ठोके पुरेत. हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.
६. आकडा लिहून घ्या, गेज शून्यावर आणा, पुढचा सिलिंडर घ्या.

आकडे कसे वाचायचे?

बहुतेक चांगल्या पेट्रोल इंजिनात १२० ते १८० पीएसआय येतात. १००च्या खाली आकडा आला तर काळजीचं कारण आहे. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे गेज सहा-सात टक्के कमी दाखवेल. त्याने घाबरू नका.

आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. १५०, १४५, १५०, १४८ असे आले तर ठीक. १५०, १४५, ९०, १४८ आले तर तिसऱ्यात दोष आहे. शेजारचे दोन्ही कमी असतील तर संशय हेड गॅस्केटवर. सगळेच सारखे कमी असतील तर आधी बॅटरी आणि ॲक्सिलरेटर पुन्हा तपासा. तरीही कमीच आले, तर टायमिंग चुकलंय किंवा सगळंच घासलंय.

चमचाभर ऑईलची चाचणी

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑईल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर घासलेत, कारण ऑईलने ती फट तात्पुरती भरली. फरक पडला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. नंतर गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ धूर येईल, तो या ऑईलचा.

डिझेल गाडीला हे करू नका

डिझेलचा दाब साधारण ३०० ते ५०० पीएसआय असतो. पेट्रोलचा गेज त्याला चालत नाही. ऑईलची चाचणीही तिथे धोक्याची आहे. दाबाने ऑईल पेटू शकतं, जास्त पडलं तर पिस्टन अडकून नुकसान होतं. डिझेल पिकअप किंवा ट्रॅक्टरसाठी घरी बॅक कॉम्प्रेशन पाहा. गेजचं काम मेकॅनिककडेच करा.

पुढे काय?

दोष व्हॉल्व्हचा निघाला तर आधी टॅपेट सेटिंग तपासून घ्या. सीएनजीवर चाललेल्या जुन्या गाडीत टॅपेट टाईट होऊन व्हॉल्व्ह नीट न बसणं हे नेहमीचं आहे. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. व्हॉल्व्ह जळला असेल किंवा गॅस्केट गेलं असेल तर फक्त हेड उतरवावं लागतं. रिंगा आणि बोअर गेले असतील तरच पूर्ण इंजिन खोलून रिबोअरिंगचा विचार येतो.

जुनी गाडी विकत घेतानाही हे लक्षात ठेवा. विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करून घ्या आणि ऑईलचं झाकण उघडून पाहा.

गॅरेजला जाताना लिहून घेतलेले आकडे सोबत न्या. कोणत्या सिलिंडरला किती दाब आला आणि ऑईल टाकल्यावर काय झालं हे सांगता आलं, की कुठलं काम खरंच लागणार आहे याचं बोलणं अंदाजाने होत नाही.