लाखोळीचे वडे आणि थोडीशी शंका

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना लाखोळी म्हणजे काय हे आधी सांगावं लागतं. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे सांगावं लागत नाही. लाख, लाखोरी, लाखोळी... गावागणिक उच्चार बदलतो, डाळ तीच. शेजारच्या छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात, बिहारकडे खेसारी. दिसायला तुरीच्या डाळीची गरीब चुलत बहीण. दाणा मात्र गोल नसतो, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला चपटा आणि कोनेदार असतो.

हिचे वडे ज्याने खाल्ले नाहीत त्याला मी काय सांगू! डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, मग पाट्यावर जाडसर वाटायची. त्यात लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सांबार पिता येत नाही, चिरावा लागतो). पूर्वी हे वडे जवसाच्या तेलात तळत. बाहेरून कडक, आतून खरबरीत, आणि हरभऱ्याच्या डाळीच्या वड्याला कधीच येत नाही अशी एक मातकट चव. गरम भात, कढी आणि हे वडे. थंडीच्या दिवसांत कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

आणि एवढं सगळं चाललेलं असताना पंगतीतला कुणीतरी एकजण हटकून म्हणतोच, "जास्त खाऊ नका बा, पाय जातात." त्यावर दुसरा, "काई होत नाई, आमी लहानपनापासून खातो." दोघंही हात आखडता घेत नाहीत. ही शंका आमच्या ताटात मिठासारखी कायमची वाढलेली असते.

ही शंका आजकालची नाही. आयुर्वेदात 'कलायखंज' नावाचा रोग आहे. माणूस चालायला लागला की थरथरतो, मग लंगडतो. कलाय म्हणजे हीच डाळ असं मानतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस पांगळा होतो असं नोंदवलेलं आहे. म्हणजे ज्यांनी खाल्लं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

इंग्रजी अमदानीतली सगळ्यात प्रसिद्ध हकीकत लिहिली ती स्लीमनने. होय, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच कर्नल स्लीमन. 1844 साली छापलेल्या त्याच्या आठवणींत सागर भागातली गोष्ट आहे. 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, त्याच्या पुढच्या वर्षी गव्हावर रोग पडला. तीन वर्षं ओळीने गहू बुडाला आणि त्याच शेतांत ही डाळ मात्र आपोआप माजली. लोकांनी तीच खाल्ली, दुसरं होतं काय? 1833 पासून तरण्याताठ्या माणसांचे कमरेखालचे अवयव निकामी व्हायला लागले. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठला तर पाय ताठ.

हा रोग फार चमत्कारिक आहे. माणूस मरत नाही. डोकं शाबूत, हात शाबूत, पायांना स्पर्श कळतो, पण पाय ताठरतात आणि माणूस चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत चालू लागतो. पुढची पायरी एक काठी, मग दोन काठ्या, मग सरपटणं. गेलेलं परत येत नाही. जास्त करून बळी पडतात ते तरुण पुरुष, म्हणजे नेमके घरातले कमावते हात. 1873 मध्ये नेपल्सच्या कांतानी नावाच्या डॉक्टराने या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिलं.

विष नेमकं कोणतं ते कळायला मात्र 1964 उजाडावं लागलं, आणि ते शोधणाऱ्यांत आपलेच लोक होते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, आडिगा आणि सरमा यांनी या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याचं नाव एवढं लांबलचक आहे की शास्त्रज्ञसुद्धा त्याला ओडॅप म्हणून मोकळे होतात. ते पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी टाकून दिलं की बरंचसं निघून जातं, सगळं नाही. म्हणजे आमच्या आज्या ते रात्रीचं पाणी मोरीत ओतत होत्या ते काही उगाच नव्हे. (पाल्यातही ते असतं बरं का. त्याचा विचार भाजी खाताना कुणी करत नाही.)

आता मला ज्याने खरं अस्वस्थ केलं ते सांगतो. ही डाळ अधूनमधून, भाताबरोबर, दुसऱ्या अन्नासोबत खाणाऱ्याचे पाय जात नाहीत. पाय जातात ते दोन-तीन महिने रोज, पोटाचा मोठा हिस्सा हिनेच भरणाऱ्याचे. इथिओपियातल्या अभ्यासांत असंही दिसलं की तृणधान्य मिसळून खाणाऱ्यांना धोका कमी. आणि क्रूर भाग असा की दुष्काळात, झाड पाण्यावाचून तहानलेलं असताना, दाण्यातलं ओडॅप वाढतं. ज्या वर्षी माणसाला हिच्याशिवाय काही मिळत नाही, त्याच वर्षी ही सगळ्यात विषारी.

म्हणून या रोगाचा नकाशा बघितला तर तो भुकेचाच नकाशा निघतो. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये असताना माद्रिदला दुष्काळ पडला तेव्हा गोयाने या डाळीच्या पिठावर जगणाऱ्यांचं चित्र काढलं. त्यात एक बाई आडवी पडलेली आहे. 1942-43 मध्ये व्हाप्नियार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना गुरांसाठीची हीच डाळ उकडून खायला घातली आणि शेकडो माणसं पांगळी झाली. कैद्यांपैकीच एक, डॉक्टर आर्थर केसलर, यांनी ती डाळ ओळखली. आणि आपल्याकडे रीवा. तिथे सालदार-वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळायची. मालकाच्या घरी गहू-तांदूळ, गड्याच्या पदरात खेसारी. साठच्या दशकात तिथे पाहणी झाली तेव्हा गावोगावी पांगळे सापडले.

सरकारने काय केलं? 1961 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली या डाळीची, आणि तिच्या मिश्रणाचीही, विक्री बंद करण्याचा नियम आणला. अंमल कधीपासून ते राज्यांनी ठरवायचं होतं. महाराष्ट्राने बंदी घातली. आता गंमत बघा. बंदी विकण्यावर होती. पेरण्यावर नव्हती, घरी शिजवण्यावर नव्हती. वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला तो 1976 साली. डाळ आधी गुन्हेगार ठरली, आणि ती मजुरी म्हणून पदरात टाकणारा पंधरा वर्षांनी. हा क्रम मला आजही पटत नाही.

आमच्याकडे तर पेरणं थांबणार कसं? धान कापणीला आलं की दोन-तीन आठवडे आधी उभ्या पिकातच, बांधीत ओल असताना, लाखोळी आणि जवस फेकून द्यायचे. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून नेलं की खाली हिरवं तरारलेलं असतं, पुढे लहान निळी फुलं येतात. शिवाय जमिनीला नत्र मिळतं, जनावरांना कुटार मिळतं. ज्याच्याकडे विहीर नाही त्याला दुसरं पीक घ्यायचा हा एकच मार्ग. असं पीक कायद्याने जात नसतं. ते आडमार्गाने बाजारात जातं. तुरीच्या डाळीत, हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात! गोंदियाचा माणूस ठरवून, नाव घेऊन, पाणी फेकून लाखोळी खात होता, आणि दूर शहरात कुणीतरी झुणका समजून तीच खात होता, न भिजवलेली. शंका घ्यायची तर खरी त्याने घ्यायला हवी होती, पण त्याला पत्ताच नव्हता.

बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं लढले, उपोषणं केली. 2008 मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती बंदी उठवली. केंद्राच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र निर्बंध पुन्हा लिहिला गेला. मग 2016 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या समितीने कमी ओडॅपच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला: रतन, प्रतीक आणि महातिवरा. पहिला दिल्लीच्या पुसा संस्थेचा, बाकीचे दोन रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे.

बंदीविरोधकांचं सगळंच मला पटतं असं नाही. "पूर्वजांनी खाल्ली, आपल्याला काय होतंय" हे म्हणणाऱ्याचे पूर्वज बहुधा भात खाऊन वर लाखोळी खाणारे होते. रीव्याच्या गड्याच्या नातवाला हे वाक्य ऐकवून पहावं. पण विष विष म्हणून ओरडणाऱ्यांनीही एकदा उतेऱ्याची बांधी बघावी, आणि अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेली डाळ कोरडवाहू माणसाने का टाकावी याचं उत्तर द्यावं.

नवे वाण चांगलेच आहेत. फक्त एक अडचण आहे. लाखोळीचं बियाणं सहसा कुणी विकत आणत नाही, ते घरच्या कणगीतून निघतं. शिवाय मधमाश्या शेजारच्या बांधीतलं जुनं वाण नव्यात मिसळत राहतात. त्यामुळे समोरच्या ताटातला वडा रतनचा की आज्याच्या काळच्या लाखोळीचा, हे वडा बघून सांगता येत नाही. आमच्या घरी डाळ अजूनही रात्री भिजत पडते. हल्ली मी पाणी कोमट घेतो आणि एकाऐवजी दोनदा बदलतो. वडे हिवाळ्यात चार-पाच वेळा होतात, आणि पंगतीत "पाय जातात" म्हणणारा कुणी ना कुणी असतोच.