नाव गावात, आकडा जगात

आजच्या भागाची सुरुवात थेट आमच्या पनवेलच्या सोसायटीतून करतो. साल २०२०. एके संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोरोना झालेल्यांची यादी येऊन पडली. नाव, वय, फ्लॅट नंबर, सगळं त्यात होतं. कोणी टाकली, कुठून मिळाली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं. शेजारच्या काकांना ताप आला आणि ते आठ दिवस म्हणत राहिले, ‘साधी सर्दी आहे.’ तपासणीला काही गेले नाहीत. यादी फुटली, आणि त्या दिवसापासून पुढच्या यादीतले आकडे खोटे ठरायला लागले.

ही गोष्ट नवी नाही. आपल्या मुंबईनं ती सव्वाशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजून पाहिलीय.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जगभरचे शास्त्रज्ञ मुंबईत उतरले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशियाची पथकं आली, प्लेगचा जंतू शोधणारा येर्सिन आला. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवत होता. जानेवारी १८९७ मध्ये त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली. फेब्रुवारीत प्लेगसाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे देशोदेशींचं सहकार्य होतं, माहितीची देवाणघेवाण होती. फक्त ज्यांची माहिती होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. घरं तपासली जाऊ लागली, माणसं उचलून इस्पितळात नेली जाऊ लागली, रेल्वे स्थानकांवर बायकांचीसुद्धा तपासणी होऊ लागली. लोकांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले. प्रेतं गुपचूप हलवली. मृत्यूचं कारण म्हणून दुसराच आजार सांगितला. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला, ते आपण शाळेत शिकतो. शाळेत न शिकवलेली बाजू अशी, की या जबरदस्तीमुळे सरकारचे स्वतःचेच आकडे बिघडले. भीतीपोटी दिलेली माहिती विज्ञानाच्याही कामाची नसते.

आता परत पनवेलकडे. आमच्याकडे नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. एक काळ असा होता, की कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचा पत्ता सांगितला की आजार सांगितल्यासारखंच व्हायचं. नाव सांगायची गरजच नाही! आणि ही भीती उगाच नव्हती. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते २०१९ मध्ये. एका नोंदीवर माणसाचं लग्न मोडू शकत होतं.

मग संशोधन करायचंच नाही का? करायला हवं. एका गावाच्या आकड्यांवरून फारसं कळत नाही, दहा देशांचे आकडे शेजारी ठेवले की कळतं. इथं मला वढूची गोष्ट सांगावीशी वाटते. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून तिथं चालू आहे. २००२ मध्ये केईएमच्या संशोधन केंद्रानं त्या परिसरातल्या २२ गावांत कायमची नोंदणी सुरू केली. कार्यकर्ते ठरावीक महिन्यांनी घरोघर जातात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण गाव सोडून गेलं, हे विचारतात. प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो.

अशी केंद्रं आफ्रिका-आशियात बरीच आहेत. १९९८ मध्ये ती ‘इंडेप्थ’ नावाच्या जाळ्यात एकत्र आली. त्याचं कार्यालय घानाच्या अक्रा शहरात. म्हणजे सूत्रं लंडन-न्यूयॉर्कला नव्हती, हे लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर त्यांनी पन्नाशी ओलांडलेल्यांचा अभ्यास केला. आठ देशांतली आठ केंद्रं, ४६ हजारांहून जास्त माणसं, आणि भारताकडून वढू. २०१० मध्ये निष्कर्ष छापले गेले. पुढे २०१३ मध्ये ‘आयशेअर’ नावानं केंद्रांचे आकडे ओळख पुसून जगासाठी खुले झाले.

ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्यक्षात ‘घर’ म्हणजे काय, इथूनच वाद. एक चूल म्हणजे घर की एक छप्पर? कामासाठी चाकणला गेलेला मुलगा गावातला धरायचा की बाहेरचा? अशा प्रत्येक शब्दावर सगळ्या देशांचं एकमत झाल्याशिवाय आकडे जुळत नाहीत. सहकार्याचं निम्मं काम हेच.

उरलेलं निम्मं म्हणजे ओळख लपवणं. नाव खोडलं की झालं, असं वाटतं ना? १९९० च्या दशकात अमेरिकेत लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं तो भ्रम मोडला. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. तिनं वीस डॉलरला मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला, आणि खुद्द गव्हर्नरची फाईल शोधून काढली. आता आपल्याकडचं छोटं गाव डोळ्यांसमोर आणा. ‘८४ वर्षांची बाई, अमुक महिन्यात वारली’ एवढं म्हटलं तरी अख्ख्या गावाला कळतं कोण ते.

म्हणून पुढची पायरी आली. माहिती पाठवायचीच नाही, प्रश्न पाठवायचा. २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘ओडिसी’ हे खुलं आंतरराष्ट्रीय सहकार्य असंच चालतं. सगळी केंद्रं आपल्या नोंदी एकाच साच्यात बसवतात. संशोधक एकच प्रोग्रॅम सगळ्यांना देतो. तो ज्याच्या त्याच्या संगणकावर चालतो आणि बाहेर येते ती फक्त बेरीज. तो प्रोग्रॅमही सगळ्यांना वाचता येतो. थोडक्यात, वही घरातच राहते. अर्थात बेरीज फारच लहान असेल तर तीसुद्धा बोलते, म्हणून तीही झाकावी लागते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. चांगलंच झालं. पण कायदा आणि संगणक दोन्ही नंतर येतात. आधी येते ती दारात वही घेऊन उभी असलेली बाई, आणि तिला खरं सांगायचं की नाही हे ठरवणारं घर. १८९७ ला मुंबईतल्या घरांनी दार लावून घेतलं होतं. २०२० ला आमच्या शेजारच्या काकांनीही तेच केलं. मला त्यांचा राग आला होता तेव्हा. आता वाटतं, राग यादी फोडणाऱ्याचा यायला हवा होता.

तुमच्या गावात अशी वही घेऊन कोणी येतं का? तुम्ही काय सांगता? नक्की कळवा.