सावकाराच्या आड आलेली सिस्टर

मदर तेरेसांना २०१६ साली संत ठरवलं, हे बऱ्याच जणींना माहीत आहे. आज मी इंदूरकडच्या एका सिस्टरांची गोष्ट सांगते. त्यांचं काम आपल्या बचत गटासारखंच होतं, आणि त्यापायी त्यांचा जीव गेला.

त्यांचं नाव सिस्टर राणी मारिया. जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळी गावचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्यांनी व्रत घेतलं. संत अल्फोन्सा याच संघातल्या. बिजनौर, सतना असं करत १९९२ साली त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. भोवती आदिवासी वस्ती, त्यात कितीतरी भूमिहीन. अडीनडीला सावकार गाठायचा आणि मजुरी व्याजात घालायची. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

सिस्टरांनी लोकांना थोडं थोडं साठवायला शिकवलं. गट केले. बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कोणत्या, ते समजावलं. नुसता दानधर्म केला असता तर कुणाच्या पोटात दुखलं नसतं, असं मला वाटतं. हिशेब शिकवला, तो खुपला.

२५ फेब्रुवारी १९९५ ला त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. धनदांडग्यांनी पाठवलेल्या माणसाने वाटेत, सगळ्यांदेखत, त्यांच्यावर चाकूचे पन्नासच्या वर घाव केले. वय अवघं ४१.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. आता पुढचं ऐका. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याला सोडावं म्हणून घरच्यांनीच विनंती केली. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळात जाऊन त्याने त्यांच्या आईची माफी मागितली. बायांनो, आपल्याच्याने झालं असतं का हे?

संतपद काही एका दिवसात मिळत नाही. आधी चौकशी होते, साक्षी होतात, कागद रोमला जातात. एरवी ‘धन्य’ ठरायला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. श्रद्धेपायी मरण आलं असं चर्चने मानलं, तर ती अट नसते. राणी मारियांचं असंच झालं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्य घोषित केलं. संत म्हणायला मात्र सहसा चमत्कार लागतो. उदयनगरच्या लोकांनी आपल्या सिस्टरांना त्याच्या कितीतरी आधी मानलं होतं.