वैतरणेचा नकाशा कोणाच्या खिशात?

नकाशात 'वैतरणा' शोधणाऱ्याने आधी कुठली वैतरणा ते ठरवावं लागतं. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून अरबी समुद्राला मिळणारी नदी वैतरणा. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांपैकी ऊर्ध्व आणि मध्य, दोन्ही तिच्याच नावाची. आणि विरार-सफाळे यांच्या मधलं पश्चिम रेल्वेचं छोटं स्टेशन, तेही वैतरणाच. तांदुळवाडी, काळदुर्ग, अशेरी असे आमच्याकडचे किल्ले चढायला येणारे मित्र निघण्यापूर्वी मला हमखास विचारतात, 'तिकडे रेंज जाते म्हणे. फोनमध्ये नकाशाचं कुठलं अ‍ॅप ठेवू?' याचं एका शब्दात उत्तर देता येतं. पण मी जरा लांबण लावतो, कारण हा प्रश्न नुसता अ‍ॅपचा नाही.

एक गैरसमज आधी दूर करू. रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं, असं नसतं. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो. त्यासाठी सिमकार्डही लागत नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. म्हणजे आपण कुठे आहोत हे डोंगरातही कळतं. कळत नाही ते आजूबाजूला काय आहे. तो नकाशा आधीच उतरवून घ्यावा लागतो, आणि नकाशा म्हटलं की तो काढला कोणी, हे आलंच.

आमच्या भागाचा सरकारी नकाशा जुना आहे. सर्वे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ची. तिच्या क्रमवारीत १९ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७३ रेखांश हा चौकोन म्हणजे '४७ ए'. वैतरणा स्टेशन, पालघर, बोईसर, तारापूर सगळं याच चौकोनात. १८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग जोडला गेला आणि वैतरणेवरचे पूल नकाशाच्या कागदावर आले. स्वातंत्र्यानंतर मात्र हा कागद सामान्य माणसापासून लांब गेला. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे 'प्रतिबंधित' ठरले. डहाणूपासून वसईपर्यंत सगळं त्या पट्ट्यात. त्यात १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. मी या डोंगरांत हिंडायला लागलो तेव्हा हाती असायचा तो कुणीतरी कुणाकडून तरी मिळवलेला, झेरॉक्सची झेरॉक्स झालेला तुकडा. त्यावर ओढा कुठला आणि घडी कुठली, ते ओळखणं हीच एक विद्या होती.

यातली गंमत इंटरनेट आल्यावर कळली. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात भारत-पाकिस्तानचे अडीच लाखास एक प्रमाणाचे नकाशे छापले होते, तेही बऱ्याच अंशी सर्वे ऑफ इंडियाच्याच कामावर बेतून. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सगळ्यांसाठी खुले करून ठेवले. म्हणजे आपल्याच गावामागचा डोंगर बघायला टेक्सासला जायचं! सह्याद्रीत भटकणाऱ्या कित्येकांनी हा मार्ग पत्करला.

२००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांचे दोन संच केले: एक लष्करासाठी, दुसरा लोकांसाठी. लोकांच्या संचातून संवेदनशील ठिकाणं वगळलेली. २०१७पासून हे नकाशे आधार क्रमांक देऊन संकेतस्थळावरून मोफत उतरवता येऊ लागले. मधेच, २०१६ साली, एका विधेयकाचा मसुदा आला. परवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा करणाऱ्याला १ कोटीपासून १०० कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद. ओरड झाली, कायदा झाला नाही. शेवटी १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि भारतीय माणसाला, भारतीय कंपनीला नकाशा करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही.

तोवर खिशातले नकाशे दोन वाटांनी पुढे गेले होते. पहिली वाट कंपन्यांची. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने फोनमध्ये साठवता येणारे नकाशे आणि मार्गदर्शन मोफत केलं; डोंगरात बिनरेंजचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो त्यावर. गुगलने २०१५च्या अखेरीस ऑफलाइन मार्गदर्शन दिलं. दुसरी वाट लोकांची. सरकारी नकाशासाठी पैसे मोजावे लागतात या वैतागातून स्टीव्ह कोस्ट या ब्रिटिश तरुणाने २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ज्याने त्याने आपल्या भागातली वाट, विहीर, देऊळ नोंदवायचं आणि ते सगळ्यांनी वापरायचं. ऑसमअँड, मॅप्स डॉट मी, त्यातूनच पुढे फुटलेलं ऑर्गॅनिक मॅप्स ही अ‍ॅपं याच माहितीवर चालतात.

आता मित्रांना हवं असलेलं उत्तर. गाडीने मनोरला किंवा बोईसरला जायचं असेल तर गुगल पुरतं. पण त्याचा उतरवलेला नकाशा ऑफलाइन असताना फक्त वाहनाचा रस्ता सांगतो. पायी चालणाऱ्याला मार्ग सांगत नाही. ही छोटी अट आमच्यासारख्या भागात मोठी ठरते, कारण इथे रेंज जाते ती नेमकी चालायच्या जागी. म्हणून डोंगरासाठी ऑर्गॅनिक मॅप्स ठेवावं: मोफत, जाहिराती नाहीत, उंचीच्या रेषा आहेत आणि ते पायी मार्गही सांगतं. चाललेली वाट बारकाईने नोंदवायची, नकाशावर नकाशा ठेवून पाहायचा, अशी हौस असेल त्याने ऑसमअँड शिकून घ्यावं. मोफत आवृत्तीत नकाशे किती उतरवायचे याला मर्यादा आहे, पण आपल्याला एक महाराष्ट्र पुरे. निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशा ताजा करावा. वाढवण बंदर, द्रुतगती महामार्ग, रेल्वेचं चौपदरीकरण यांमुळे पालघर जिल्ह्यातली जमीन सध्या नकाशापेक्षा वेगाने बदलते आहे.

तरीही कुठल्याच अ‍ॅपकडे उत्तर नाही अशी एक जागा वैतरणा स्टेशनपासून जवळच आहे. वैतरणा आणि सफाळे यांच्या मधे नदीच्या दोन प्रवाहांत वाढीव बेट आहे. दोन्ही प्रवाहांवर रेल्वेचे पूल, क्रमांक ९२ आणि ९३. वाढीव-वैतीपाड्याची माणसं वर्षानुवर्षं स्टेशन गाठत आली ती या पुलांवरून चालत. शाळकरी मुलं, आजारी माणसं, कामाला जाणाऱ्या बाया. गाडीच्या धडकेने किंवा तोल जाऊन माणसं गेल्याच्या बातम्या आम्ही अनेकदा वाचल्या आहेत. कायद्याने हे रेल्वे हद्दीतलं अनधिकृत येणं-जाणं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अ‍ॅप रूळ हा चालायचा रस्ता मानत नाही आणि ते योग्यच आहे. पण लोकांच्या नकाशाचा मूळ नियम असा, की जमिनीवर जे आहे ते नोंदवा. मग पुलावर पायवाट काढायची का? काढली तर एखादा परका भटक्या अ‍ॅपवर विसंबून रुळांवर जाईल. न काढली तर एका अख्ख्या वस्तीचं रोजचं येणं-जाणं नकाशातून पुसलं जाईल. जे नकाशात नाही त्याच्यासाठी पूल मागताना आणखी एक कागद कमी पडेल. माझ्या मते वाट नोंदवावी आणि तिच्यावर 'पायी मनाई' अशी खूणही करावी. तशी सोय त्या नकाशात आहे. मग अ‍ॅप तिथून कोणाला नेणार नाही, पण माणसं तिथून जातात हे लपणारही नाही.

सरकारी नकाशाने आमचा किनारा सुरक्षेसाठी झाकला. कंपनीचा नकाशा रेंज गेल्यावर गाडीवाल्याला वाट दाखवतो आणि पायी चालणाऱ्याला सोडून देतो. तिसऱ्या नकाशात काय यावं हे आपल्यावर आहे. तेव्हा अ‍ॅप जरूर उतरवा, आणि उतरवल्यावर एक वाट, एक पाणवठा, एका पाड्याचं खरं नाव त्यात भरा. पाड्यांची नावं मराठीत भरता येतात, आणि आमच्याकडचे कितीतरी पाडे अजून बिननावाचे आहेत.