नापास झालेली गिटार : एका अभिजात वाद्याचा उलटा प्रवास

#इतिहास #थ्रेड

१/१६
१९६० साल संपत आले तेव्हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीने आपल्या एका इलेक्ट्रिक गिटारला निरोप द्यायचे ठरवले. कारण साधे होते : गिटार खपत नव्हती. तीन वर्षांत जेमतेम दीड हजारांच्या आसपास नग कारखान्याबाहेर पडले होते आणि एकाची किंमत होती अडीचशे डॉलरच्या आगेमागे. आज त्यांपैकी एखादा अस्सल नग विक्रीस आला, तर त्याचे मोल लाखो डॉलरमध्ये होते. 'लेस पॉल स्टँडर्ड', संग्राहकांच्या भाषेत 'सनबर्स्ट', हे तिचे नाव. बाजाराने नाकारलेली वस्तू अभिजात कशी ठरली, त्याचा हा इतिहास.

२/१६
या कथेचे मूळ एका व्यावहारिक अडचणीत आहे : आवाजात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील वाद्यवृंद मोठे होत गेले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गजरात लाकडी गिटारचा नाजूक नाद ऐकूच येईना. वादकापुढे दोनच मार्ग उरले : मागे बसून ताल धरणे, नाहीतर बॅन्जो हाती घेणे. कारागिरांनी गिटारचे धड मोठे करून पाहिले, तारांखाली धातूच्या पातळ तबकड्या बसवून पाहिल्या. आवाज वाढला, पण पुरेसा नाही. अखेर उत्तर मिळाले ते विजेतून.

३/१६
त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ सालीच दाखवून दिले होते : चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारचा 'पिकअप' म्हणजे हेच. लोहचुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तशाच लयीचा क्षीण प्रवाह निर्माण होतो, आणि अँप्लिफायर त्याला मोठे करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिकअप ऐकतो तो मुख्यतः तारेचे कंपन. लाकडी पोकळीत घुमणारा नाद नव्हे. म्हणजे पोकळ धडाची गरजच संपली होती. हे उमगून बाजारात उतरायला मात्र वीस वर्षे लागली.

४/१६
पहिले यश आले ते आज आपण जिला गिटार म्हणतो तिच्यात नव्हे. लॉस एंजेलिसमधील जॉर्ज बोशाँ या वादकाने अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने १९३१-३२ मध्ये ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे एक वाद्य सिद्ध केले. गोल धड आणि लांब दांडा यांमुळे लोक त्याला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणू लागले. ते मांडीवर आडवे ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायचे, हवाईयन पद्धतीने. कारण त्या काळी अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे वेड होते. बोशाँला पेटंट मिळाले १९३७ मध्ये. तोवर ही कल्पना इतरांनीही उचलली होती.

५/१६
गिब्सनने १९३६ मध्ये 'ईएस-१५०' ही पोकळ धडाची इलेक्ट्रिक गिटार आणली. तिचे भाग्य उजळले ते ओक्लाहोमा सिटीत वाढलेल्या चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणामुळे. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या ख्रिश्चनने गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांब, एकेका सुराच्या ओळी वाजवल्या. मागे बसून ताल धरणारे वाद्य पुढे येऊन बोलू लागले. १९४२ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता. कंपनीने वाद्य दिले होते. त्याचे काम काय, हे त्याने ठरवले. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडणार आहे.

६/१६
पोकळ धडाला एक व्याधी होती. अँप्लिफायरचा आवाज वाढवला की तो हवेतून परत येऊन धडाला कंपित करी, ते कंपन तारांत शिरे, तारांतून पुन्हा अँप्लिफायरमध्ये. आणि या चक्रातून कर्कश शीळ उठे. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात यावर उपाय शोधला. चार इंच जाडीच्या चौकोनी लाकडी ओंडक्यावर त्याने तारा आणि पिकअप बसवले. गिटारसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे पोकळ धड जोडले. या 'लॉग'ची कल्पना घेऊन तो गिब्सनकडे गेला. तेथे कोणी तिच्याकडे गांभीर्याने पाहिले नाही.

७/१६
भरीव गिटार घाऊक प्रमाणात बनवून दाखवली ती कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे, आणि बहुधा म्हणूनच परंपरेचे ओझे त्यांच्यावर नव्हते. १९५० मध्ये त्यांनी आणलेली गिटार म्हणजे जवळजवळ एक सपाट फळी होती. मान धडाला चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी जोडलेली. बिघडली तर काढून दुसरी बसवावी. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव मिळतेजुळते असल्याने 'ब्रॉडकास्टर' हे पहिले नाव सोडावे लागले आणि १९५१ मध्ये ती 'टेलिकास्टर' झाली. १९५४ मध्ये पाठोपाठ 'स्ट्रॅटोकास्टर' आली. दोन्ही कष्टकरी वादकांची हत्यारे होती. शोभेच्या वस्तू नव्हेत.

८/१६
आता गिब्सनला जाग आली. ज्या लेस पॉलच्या ओंडक्याकडे पूर्वी दुर्लक्ष झाले होते, तो एव्हाना मेरी फोर्डसह अमेरिकेतील घराघरांत पोहोचलेला कलावंत होता. अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत १९५२ साली त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आली. फेंडरच्या फळीला हे ठरवून दिलेले उत्तर होते. महोगनीच्या धडावर मेपलचा कोरीव, उंचवटेदार थर. मान सरसाने जोडलेली. वर सोनेरी रंग. ती दिसायला देखणी होती, आणि खांद्याला चांगलीच जड.

९/१६
एक उणीव शिल्लक होती. पिकअपचे वेटोळे तारेचे कंपन टिपते तसाच आसपासच्या विजेच्या तारा आणि दिवे यांचा गुणगुणाटही टिपते. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी त्यावर देखणा तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारीशेजारी ठेवायची, पण वेढ्यांची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव परस्परांच्या उलट. बाहेरचा गुणगुणाट दोन्हींत विरुद्ध होऊन एकमेकांना खोडतो. तारेचा नाद मात्र दोन्हींत मिळून वाढतो. हा 'हमबकर' १९५७ मध्ये लेस पॉल गिटारवर बसला. हेतू स्पष्ट होता : स्वच्छ, निर्दोष नाद.

१०/१६
खप तरीही उतरतच होता. १९५८ मध्ये कंपनीने सोनेरी रंग सोडला आणि मेपलच्या नैसर्गिक रेषा दिसाव्यात म्हणून मधोमध पिवळा व कडेला लालसर असा मावळत्या उन्हासारखा रंग दिला. हीच ती सनबर्स्ट. पण जॅझच्या वादकांना पोकळ धडच प्रिय होते आणि रॉक अँड रोलच्या तरुणांना फेंडरच्या हलक्या गिटारी भुरळ घालत होत्या. त्याच वर्षी गिब्सनने आणलेली बाणाच्या आकाराची 'फ्लाइंग व्ही' तर पहिल्या दोन वर्षांत शंभरही गेली नाही. १९६१ मध्ये लेस पॉलचे जुने धड मोडीत निघाले. त्या जागी पातळ, दोन शिंगांचे नवे धड आले, जे पुढे 'एसजी' म्हणून ओळखले गेले. सनबर्स्टची कथा येथे संपायला हवी होती.

११/१६
ती संपली नाही, याचे कारण अटलांटिकपलीकडे होते. महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची तीव्र टंचाई होती. १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर तेथे निर्बंध होते. एक सबंध पिढी अमेरिकी गिटारी रेकॉर्डच्या वेष्टनांवर पाहत आणि ग्रामोफोनवर ऐकत वाढली. १९५९ मध्ये क्लिफ रिचर्डने हँक मार्विनसाठी अमेरिकेहून लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली, तेव्हा ती देशातील पहिल्यावहिल्यांपैकी एक होती. या पोरांच्या कानात नवा अमेरिकी खप नव्हता. मडी वॉटर्स, बी. बी. किंग, फ्रेडी किंग या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांचे सूर होते.

१२/१६
फ्रेडी किंगच्या १९६१ च्या एका रेकॉर्डच्या वेष्टनावर सोनेरी लेस पॉल दिसते. ते पाहून एरिक क्लॅप्टन या लंडनमधील तरुणाने तशीच गिटार शोधली आणि त्याच्या हाती लागली एक वापरलेली सनबर्स्ट. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स'सोबत ध्वनिमुद्रण करताना एकविशीतल्या क्लॅप्टनने मार्शल अँप्लिफायरचा आवाज मंचावर ठेवावा तितका मोठा ठेवला. हमबकरचा बळकट संकेत अँप्लिफायरच्या निर्वात नळ्यांना पेलवेना. त्या 'ओसंडू' लागल्या आणि नाद फाटून जाड, लांबणारा, जवळजवळ मानवी कंठासारखा झाला. ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली. तो नाद मात्र राहिला.

१३/१६
यातील विरोधाभास पाहण्यासारखा आहे. लव्हर यांनी हमबकर घडवला तो दोष घालवण्यासाठी. अँप्लिफायर बनवणाऱ्यांच्या लेखी नाद फाटणे हा बिघाड होता. वादकांनी नेमका तोच बिघाड मागितला, आणि जड धड, लांबणारा सूर, बळकट पिकअप हे बाजारातले अवगुण त्यांना सद्गुण ठरले. जुन्या लेस पॉलना अशी मागणी आली की १९६८ मध्ये गिब्सनला ते मॉडेल पुन्हा सुरू करावे लागले. श्रेयाची वाटणी मात्र समान झाली नाही. ज्यांच्या वादनातून ही भाषा जन्मली, त्या ब्लूज कलावंतांपैकी अनेकांच्या वाट्याला कीर्ती उशिरा आली आणि पैसा त्याहून कमी.

१४/१६
जुने ते अस्सल, ही धारणा रुजायला आणखी एका घटनेने हातभार लावला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १.३ कोटी डॉलरला फेंडर विकत घेतली. पुढे दर्जा घसरल्याची तक्रार वाढली आणि 'सीबीएसपूर्व' हा शब्द गुणवत्तेचा शिक्का बनला. मग उणिवांनाही मोल चढले. सनबर्स्टमधला लाल रंग उन्हाने उडत असे; आज प्रत्येक फिक्या छटेचे कौतुक होते. पिकअपचे वेढे सगळीकडे सारखे पडत नसत. आज प्रत्येक पिकअपचा 'स्वभाव' वेगळा म्हणून वाखाणला जातो. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९.७५ लाख डॉलरला गेली. ती तर १९६९ ची, म्हणजे सीबीएसच्याच काळातली! मोल लाकडाचे नव्हते. वाजवणाऱ्या हाताचे होते.

१५/१६
आणखीही काही हात होते. फुलर्टनच्या कारखान्यात मेक्सिकन वंशाचे अनेक स्त्री-पुरुष राबत. अ‍ॅबिगेल इबारा यांनी १९५६ पासून तेथे पिकअपचे वेढे गुंडाळले. माना घडवणारे टॅडिओ गोमेझ आपली आद्याक्षरे मानेच्या बुडाशी पेन्सिलीने लिहीत, स्क्रू काढल्याखेरीज दिसणार नाहीत अशा जागी. आज संग्राहक ती अक्षरे पाहण्यासाठी गिटार उघडतात. काही गोष्टी तर पुन्हा मिळणेच दुरापास्त. त्या काळी फ्रेटबोर्डसाठी वापरलेल्या ब्राझिलियन रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळपास बंद आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कंपन्या ज्या भारतीय रोझवुडकडे वळल्या, ते म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारे शिसवी लाकूड. त्याच्या व्यापारावरही आज आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

१६/१६
अभिजात वस्तूंचा इतिहास आपण बहुधा शेवटाकडून वाचतो. आज ती थोर आहे, म्हणजे घडवणाऱ्यांना तिचे थोरपण तेव्हाच ठाऊक असणार, असे गृहीत धरतो. १९६० च्या कॅलमझूत तसे कोणालाच ठाऊक नव्हते. तेथे होते ते पडून राहिलेले नग आणि घटता खप. म्हणून कोणत्याही 'अजरामर' वस्तूपुढे उभे राहताना तीन प्रश्न विचारावेत : पहिल्या दिवशी तिची किंमत काय होती? तिला कोणी नाकारले? आणि नाकारल्यावर तिला कोणी, कशासाठी उचलले? सनबर्स्टच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे : नवी गिटार न परवडणारी, दुसऱ्याच्या रेकॉर्ड ऐकत शिकलेली विशीतली मुले.